डोंगराकडे उघडणारी खिडकी

खाबगाह म्हणजे विद्यार्थ्यांनी राहायची जागा. आजमायिशगाह म्हणजे प्रयोगशाळा. नाहारखोरी म्हणजे दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायचा मोठा हॉल. वर्जिशगाह म्हणजे खेळाचं मैदान, पण नुसतं मैदान नव्हे, बघणाऱ्यांना बसायला पायऱ्या असलेलं. हे फारसी शब्द मला आजही असे पाठ आहेत की कुणी कधीही विचारावं. यातली एकही गोष्ट मी तेव्हा पाहिलेली नव्हती. मागच्या वर्षी नातीला पुण्यात वसतिगृहात सोडायला गेले. तिच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि एक खिडकी होती. मी उंबऱ्यातच थांबले आणि तोंडातून निघून गेलं, "खाबगाह." नात म्हणाली, "आजी, काय म्हणालीस?" मी काही नाही म्हणून तिची गादी सारखी करायला लागले. तिला सांगायचं तर फार मागं जावं लागलं असतं. ते तिथं जमलं नाही म्हणून इथं लिहिते आहे.

आमचा तांडा कळमनुरीच्या पुढं. फाट्यावर एसटीतून उतरलं की अर्धा तास पायी. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलायचो, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तांड्यातून बारावी झालेली मी पहिलीच पोरगी. मोठ्या भावाला मी भिया म्हणायचे. बाप लवकर गेल्यामुळं घर त्याच्या शब्दावर चालायचं. त्यानं कॉलेजला पाठवायचं कबूल केलं ते एका अटीवर. एक साल जरी वाया गेलं तरी शाळा बंद आणि घरी बसायचं. तो रागानं बोलला नव्हता. त्याच्या दोस्तांनी त्याला आधीच बरंच ऐकवलं होतं, आणि मी नापास झाले असते तर पुढचं ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

माझ्या दाखल्यावर शाळेनं शांताऐवजी शांती लिहिलं होतं. ते दुरुस्त करून आणण्यात दहा दिवस गेले. तालुक्याच्या गावापेक्षा मोठ्या गावातल्या कॉलेजात पोचले तेव्हा दुसऱ्या भाषेच्या यादीत हिंदी भरून गेली होती. खिडकीतला क्लार्क म्हणाला, फारसी घे नाहीतर पुढच्या वर्षी ये. फारसी काय असतं ते मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी ये म्हणजे काय ते बराबर माहीत होतं. मी रडायच्या बेतात असताना मागून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. पायजमा, करड्या रंगाचा कोट, बगलेत पितळी डबा. ते मोईन सर. वसमतचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घराण्यात कुणी हळदीच्या अडतीवर, कुणी विणकर. रोज एसटीनं यायचे.

"घे बेटा फारसी," ते म्हणाले. "अर्धी तुला येतेच. हजर, गैरहजर, अर्ज, दफ्तर, तारीख, जमीन. तलाठ्याकडं जाऊन आलीस म्हणजे फारसीतच बोलून आलीस."

मग थोडं खाली वाकून, जणू माझ्याकडं काही मागताहेत अशा आवाजात म्हणाले, "पाच जण झालेत. सहा न्हाई झाले तर विषय बंद करतात. सहावी तू हो."

मी सहावी झाले. हे वाक्य मी मुद्दाम एकटं सोडते आहे, कारण पुढं जे झालं त्यात ते पुन्हा पुन्हा मला टोचत राहिलं.

फारसीचा वर्ग सायकल स्टँडमागच्या खोलीत भरायचा. अभ्यासक्रमात एक भाग होता, विद्यापीठ आणि विद्यार्थीजीवन यांचा शब्दसंग्रह. वरून कुणीतरी ठरवलेला, तेहरानकडच्या कुठल्याशा पुस्तकावरून घेतलेला. पुस्तक आम्हाला कधी मिळालं नाही. सरांनी त्यातले चारशे शब्द स्वतःच्या हातानं लिहून सायक्लोस्टाईल करून आणले होते. उजवीकडं फारसी अक्षरं, खाली देवनागरीत उच्चार, मग अर्थ, आणि प्रत्येकाला नंबर. अक्षर इतकं सुरेख की त्या निळसर शाईच्या कागदाला मी वर्षभर वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलं होतं.

पण शिकायचं कसं? सर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडं बोट करायचे. कपाटाची किल्ली एका क्लार्ककडं असायची आणि तो बहुतेक रजेवर असायचा. सर म्हणायचे, "समजा हा किताबखाना." सायकल स्टँड दाखवून म्हणायचे, "समजा ही वर्जिशगाह." आम्ही डबे उघडायचो ती लिंबाखालची जागा नाहारखोरी. प्रयोगशाळेसाठी तर दाखवायलाही काही नव्हतं. तेव्हा ते डोळे मिटून हवेत हात फिरवायचे आणि म्हणायचे, "समजा." दोन वर्षांत त्यांनी आम्हाला एक आख्खं विद्यापीठ बांधून दिलं, आणि ते सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. कळमनुरीच्या मणियारांची शबाना माझ्या शेजारी बसायची. तिच्या घरी उर्दू होती, तिला सगळं माझ्या निम्म्या वेळात यायचं. ती माझ्या कानात कुजबुजायची, "समजा आपण पास झालो."

मला हसू येण्याऐवजी चीड यायची. हिंदीवाल्या पोरी गोष्टी वाचायच्या, त्यावर भांडायच्या, आणि मी नाहारखोरी घोकत होते. घरी सांगावं तरी काय सांगणार? भियानं एकदा विचारलं, काय शिकून राहिलीस. मी म्हटलं, विद्यापीठात जेवायच्या हॉलला काय म्हणतात ते. त्यानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडं बघितलं आणि अंबाडीची भाजी ओरपायला लागला. ओढून ताणून काही चांगलं सांगावं म्हणून मी पुढं म्हटलं की फारसीत घरच्या अभ्यासाला तकलीफ म्हणतात. त्यावर मात्र तो म्हणाला, "मग ते लोक खरं बोलून राहिले."

वही पुरवून वापरायची म्हणून मी शब्द कोळशानं भिंतीवर लिहायचे. चुलीमागची भिंत, म्हणजे भाकरी थापताना समोर येईल अशी. वीसेक शब्द लिहावेत, ते तीन-चार दिवसांत पाठ व्हावेत असा माझा हिशेब. पण आमच्या याडीला, म्हणजे आईला, भिंतीवर काळं दिसलेलं चालायचं नाही. दर बाजाराच्या आदल्या दिवशी ती शेणामातीचा पोतेरा घेऊन बसायची आणि माझे वीसच्या वीस शब्द पुसले जायचे. पाठ झालेले आणि न झालेले, दोन्ही. मी भांडायचे. ती म्हणायची, शेजारणी हसतात, तुझ्या पोरीनं भिंतीवर मुंगळे सोडलेत म्हणतात. एकदा ती बराच वेळ माझ्याजवळ उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "सगळी दुनिया इकडून लिहिते. तू काहून तिकडून लिहून राहिलीस?" मी तिला नीट समजावून सांगायला हवं होतं. मी वसकन अंगावर गेले. आज ती नाही. तिला ही अक्षरं उजवीकडून सुरू होतात एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. बाहेरून, मोठ्या शहरातून परीक्षक येणार होते. फारसीचा हा शेवटचा पेपर. यात पास झालं की तिसऱ्या वर्षी ही भाषा नव्हती, नापास झालं की माझं साल गेलं आणि सालाबरोबर सगळंच. सरांनी महिनाभर आधी आम्हाला बारा वाक्यं लिहून दिली. मथळा होता, मी आणि माझं विद्यापीठ. मी खाबगाहमध्ये राहते. सकाळी आठला नाहारखोरीत जाते. नऊला किताबखान्यात बसते. आजमायिशगाहमध्ये माझे मित्र आहेत. आणि सातवं वाक्य, 'पंजरए-उताके-मन रू ब-कोह अस्त', माझ्या खोलीची खिडकी डोंगराकडे उघडते. सर म्हणाले, परीक्षक काहीही विचारू देत, तुम्ही ही बारा म्हणा. अडखळू नका. पास.

आता वाटतं, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? पण आम्हाला शाळेपासून हेच शिकवलं होतं. माझी गाय, माझा आवडता सण, माझी सहल. वर्गातल्या साठ जणांची गाय पांढरी असायची आणि मास्तर सगळ्यांना सारखेच मार्क द्यायचे. उत्तर हे सरांचं असतं, आपण ते फक्त पोचवायचं, हे आम्हाला इतकं पक्कं ठाऊक होतं की सहा जणांची एकच खिडकी ही चूक आहे असं वाटायला काही जागाच नव्हती. सरांनाही वाटलं नाही. तेही अशाच शाळेतून आले होते.

परीक्षा नेमकी हळदीच्या दिवसांत आली. भियानं त्या साली रानात पहिल्यांदाच हळद लावली होती. आठ दिवस आम्ही सगळे तिच्यातच होतो. काढायची, मोडायची, कढईत शिजवायची, पसरायची. मी कढईपाशी उभी राहून बारा वाक्यं म्हणत होते. वाफेनं डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या वासात खिडकी, डोंगर, किताबखाना सगळं शिजून निघायचं. हात मनगटापर्यंत पिवळे झाले. परीक्षेच्या सकाळी मी ते राखेनं घासले, साबणानं घासले, शेवटी दगडानं घासले. लाल झाले, पिवळेपणा गेला नाही. याडी म्हणाली, "राहू दे. हळदच हाय, चोरी न्हाई."

परीक्षकांसाठी सरांनी वसमतहून घरचा बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, आणि दालचा आणला होता. त्यांचा कोट इस्त्रीचा होता. आम्ही सहा जण व्हरांड्यात ओळीनं बसलो. नंबर प्रवेशाच्या क्रमानं, म्हणजे मी शेवटची. पहिला मुलगा आत गेला आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आला. दुसऱ्याच्या वेळी आतून परीक्षकांचं हसणं ऐकू आलं, आम्हाला वाटलं खूश झाले. तिसऱ्याच्या वेळी आत एकदम शांत होतं. चौथ्याच्या वेळी आवाज चढला. शबाना पाचवी. ती बाहेर आली तेव्हा तिची ओढणी तोंडाशी होती.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"मी खिडकी म्हटलं की ते म्हणाले, पुढचा डोंगर मीच सांगू का? मग सरांकडं बघून म्हणाले, पाचही जणांनी एकच कागद वाचलाय, मी सगळ्यांना शून्य देऊन जातो." मग ती माझा हात धरून म्हणाली, "शांता, तू खिडकी म्हणू नकोस."

पण खिडकी वगळली तर माझ्याकडं काय उरत होतं? मी आत गेले. परीक्षक जाडसर, चष्मा कपाळावर चढवलेले. सर कोपऱ्यात त्या कपाटाला लागून बसले होते, मान खाली. टेबलावर डबा न उघडलेला. मी पहिलं वाक्य म्हटलं, मी खाबगाहमध्ये राहते. परीक्षकांनी हात वर केला. त्यांची नजर माझ्या हातांवर होती. मी ते ओढणीखाली घेतले.

"हातांना काय झालं?" त्यांनी फारसीत विचारलं. प्रश्न मला कळला. उत्तरासाठी मी चारशे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधले. हळद त्यांत नव्हती. शेत नव्हतं, कढई नव्हती, विस्तव नव्हता, आई नव्हती, भाऊ नव्हता. मी हिंदीत सांगू का विचारलं. ते म्हणाले, नाही, फारसीतच सांग. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचे हात असे कसे, तेही सांग.

त्या क्षणी मला जे झालं त्याला धैर्य म्हणता येणार नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात लोक तसं म्हणाले, पण मी तिथं होते, मला माहीत आहे. मला फक्त राग आला होता. दोन वर्षांचा. पुसलेल्या भिंतींचा, कपाटाच्या किल्लीचा, त्या कुठल्या तरी दूरच्या पोरींचा, ज्यांना नाहारखोरीत रोज ताट मिळत होतं आणि त्यांच्या ताटाचं नाव मी पाठ करत होते. आम्हाला एक क्रियापद पक्कं येत होतं. दारम, माझ्याकडे आहे. नदारम, माझ्याकडे नाही. मी यादी पहिल्या नंबरपासून म्हणायला सुरुवात केली.

"खाबगाह नदारम. किताबखाना नदारम. आजमायिशगाह नदारम. नाहारखोरी नदारम. वर्जिशगाह नदारम. पंजरा नदारम. कोह नदारम."

खिडकी नाही. डोंगर नाही. मी किती शब्द म्हटले ते मोजले नाहीत. म्हणता म्हणता रडत होते हे मला नंतर शबानानं सांगितलं, तिला व्हरांड्यात ऐकू येत होतं. कुठं थांबावं ते कळेना. मग कोपऱ्यातल्या सरांकडं लक्ष गेलं आणि मी म्हटलं, "उस्ताद दारम." शिक्षक आहेत. आणि थांबले.

परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, कागद ओढला आणि मराठीत म्हणाले, "जा बाळ, बाहेर बस." आम्ही सहाही पास झालो. मला सगळ्यांत जास्त गुण होते. बाहेर येताना मी पाहिलं, सर हसत होते आणि परीक्षकांसाठी डबा उघडत होते. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, शाबास म्हणावं तशी. भियानं निकालाच्या दिवशी तांड्यात पेढे वाटले. त्यानं आयुष्यात वाटलेले ते पहिले पेढे.

इथं हे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं. परीक्षक भले माणूस होते. आम्हाला पुस्तकं मिळावीत म्हणून त्यांनी आपल्या अहवालात लिहिलं की या विषयासाठी इथं ग्रंथालय नाही, खोली नाही, साधन नाही, विद्यार्थिनीनं स्वतः तसं सांगितलं. जूनमध्ये वरून पत्र आलं. सुविधा नसल्यामुळं विषय चालू ठेवता येत नाही. पुस्तकं पाठवण्यापेक्षा बंद करणं सोपं होतं. फारसीचे प्रवेश थांबले आणि मोईन सर अतिरिक्त ठरले. त्यांना दूर कुठल्याशा कॉलेजात पाठवलं, तिथं फारसी नव्हतीच, कार्यालयीन काम होतं. हे सगळं मला क्लार्कनं सांगितलं, तो त्या दिवशी नेमका हजर होता. वर म्हणाला, "तुमच्याच कोणत्या पोरीनं काहीबाही सांगितलं म्हणे."

सर मला बसस्टँडवर भेटले. वसमतच्या गाडीची वाट बघत होते, पायाशी पुस्तकांचं गाठोडं. मी सांगायला गेले की सर, माझ्यामुळं झालं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही. म्हणाले, बेटा, तू बी.ए. पुरं कर. मी तिथंच उभी. काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी रागवावं म्हणून की आणखी कशासाठी, मी विचारलं, "सर, हळदीला फारसीत काय म्हणतात?"

स्टँडवर वसमतच्या बाजाराला चाललेली हळदीची पोती रचलेली होती, सगळ्या हवेत तोच वास होता. सर त्या पोत्यांकडं बघत राहिले. हा माणूस लहानपणापासून त्या वासात वाढला होता आणि त्याला तेहरानच्या वसतिगृहातल्या जिन्याचं नाव येत होतं.

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "कुणी विचारलंच न्हाई कधी." गाडी लागली. गाठोडं मी वर चढवून दिलं. खिडकीतून म्हणाले, बघून कळवतो.

मी बी.ए. झाले, पुढं शिक्षिका झाले, सदतीस वर्षं हिंगोलीच्या आसपासच्या शाळांत शिकवलं. जे काही झाले ते त्या सहाव्या जागेमुळं, हे मी कधी विसरले नाही. माझ्या वर्गात माझी गाय हा निबंध मी एकदाही लिहायला लावला नाही. पण त्यानं सरांचं काही भरून निघालं नाही. फारसी तिथं पुन्हा सुरू झाली नाही. परवा मी हळदीचा तो प्रश्न नातीला सांगितला, तर तिनं फोनवर दोन बोटांनी फारसी शब्द शोधून दाखवला आणि म्हणाली, एवढंच होतं का आजी? मी तिला सांगितलं, मला तो माहीत आहे.

कारण सरांचं पोस्टकार्ड आलं होतं, त्याच पावसाळ्यात. फाट्यावरच्या हॉटेलात चार दिवस पडून होतं, भियानं आणून दिलं. त्यावर खुशाली नव्हती, आशीर्वाद नव्हता, बोलही लावलेला नव्हता. त्याच सुरेख अक्षरात, उजवीकडं फारसी, खाली देवनागरीत जर्दचूबे, मग अर्थ, हळद. आणि डाव्या कडेला, यादीत असायचा तसा, नंबर. चारशे एक. याडीनं ते कार्ड माझ्या हातातून घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि चुलीमागच्या भिंतीत खिळ्याला अडकवलं. पुढं दर बाजाराच्या आदल्या दिवशी ती तेवढी जागा सोडून सारवायची. सरांनी मला माफ केलं होतं की नाही, ते त्या कार्डावरून मला तेव्हाही वाचता आलं नाही आणि आजही येत नाही.